श्री. नवकोट नारायण (प्राधान्य कुटुंब) यांस अनावृत पत्र

प्रति,
श्री. नवकोट नारायण,
बंगला ‘आई-बाबांची पुण्याई’,
मु. पो. महामार्गालगत.

सप्रेम नमस्कार वि. वि.

आधी अभिनंदन करतो, उशीर झाला तरी. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग, त्याच्या वाटेत दहा जिल्हे आणि त्या दहा जिल्ह्यांतल्या असंख्य गट नंबरांत तुमचाही एक. थेट खरेदी झाली, पाचपट मोबदला ठरला, दुय्यम निबंधकासमोर सह्या झाल्या. ज्या रानात पाऊस आला तर बाजरी पिकायची आणि नाही आला तर कर्ज, त्या रानाच्या बदल्यात एका दुपारी तुमच्या मोबाईलवर बँकेचा असा मेसेज आला की त्यातली शून्यं तुम्ही पोराकडून मोजून घेतलीत. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, तोवर तुमचा बंगला उभा राहिला होता, गेटवर सिमेंटचे दोन सिंह बसले होते आणि अंगणात पांढरी फॉर्च्युनर लागली होती.

त्या गाडीबद्दल मला काडीचीही तक्रार नाही. शहरातल्या संगणकवाल्याने हप्त्यावर मोठी गाडी घेतली तर ती प्रगती आणि शेतकऱ्याने रोखीने घेतली तर तो माज, असं मानणाऱ्या मंडळींत मी बसत नाही. बापजाद्यांची जमीन गेली, तिची किंमत आली. ती लॉटरी नव्हे आणि कोणाचे उपकारही नव्हेत. पुण्याच्या आसपास, हिंजवडी-वाघोलीकडे, तुमच्या आधीची एक पिढी अशीच गुंठ्यांवर श्रीमंत झाली. लोकांनी तिला ‘गुंठामंत्री’ म्हणून हिणवलं आणि हिणवणाऱ्यांनीच त्या गुंठ्यांवरच्या इमारतींत फ्लॅट घेतले. तेव्हा तुमच्या गळ्यातल्या चेनला माझा दंडवत. जाडी आणखी वाढो.

माझं काम आहे ते तुमच्या देवघरातल्या एका जुन्या, कडा विरलेल्या केशरी पुस्तिकेशी. तिच्यावर ‘प्राधान्य कुटुंब’ असा शिक्का आहे. बंगल्याची वास्तुशांत झाली, जुनं घर पाडलं, जुनी भांडी मोडीत घातली, जुने मित्रसुद्धा बदलले. ही पुस्तिका तेवढी तुम्ही प्राणपणाने जपलीत. परंपरेवरचं इतकं प्रेम आजकाल कुठे दिसतं!

या रेशनकार्डावर माणशी पाच किलो, घरात सहा माणसं, म्हणजे महिन्याला तीस किलो धान्य. पूर्वी गव्हाला दोन आणि तांदळाला तीन रुपये किलो तरी मोजावे लागत. जानेवारी २०२३ पासून तेही नाही, सगळं मोफत. मला फक्त एवढं सांगा, या तांदळाचं तुम्ही करता काय? तुमच्या घरात इंद्रायणी शिजतो हे अख्ख्या गल्लीला वासावरून कळतं. रेशनचा तांदूळ परसातल्या कोंबड्यांना जातो, आणि त्यांचं पोट भरून उरला की गावोगाव फिरून तो विकत घेणाऱ्या टेम्पोवाल्याला. म्हणजे सरकारने शेतकऱ्याकडून हमीभावाने घेतलेलं, गोदामात राखलेलं, रेल्वेने आणि मग ट्रकने तुमच्या तालुक्याला पोचवलेलं धान्य शेवटी तुमच्या गावठी कोंबड्या टिपतात. आपण राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याच्या लाभार्थी आहोत हे त्या बिचाऱ्यांना ठाऊक नसावं. नाहीतर अंडी तरी जरा जबाबदारीने घातली असती.

तुम्ही म्हणाल, कार्ड माझ्या नावावर आहेच कुठे? बरोबर आहे. त्या कायद्याने घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यांत ज्येष्ठ स्त्री कार्डापुरती कुटुंबप्रमुख असते. जमीन तुमच्या नावावर, बंगला तुमच्या नावावर, आणि गरिबी तेवढी मातोश्रींच्या नावावर. घरातल्या बाईच्या नावावर काहीतरी असावं, हा विचार तुम्ही अशा रीतीने अमलात आणलात.

बाकी तुम्हाला सरळ चोर म्हणायची माझी छाती नाही, कारण बहुतेक कागद तुमच्या बाजूने आहेत. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं ९६ वं कलम सांगतं की मोबदल्याच्या रकमेवर प्राप्तिकर नाही. ते योग्यच आहे. जमीन काढून घ्यायची आणि वर तिच्या किमतीवर करही लावायचा, हा जुलूम झाला असता. शेतीच्या उत्पन्नावर तर तो पूर्वीपासूनच नाही. आता गंमत पाहा. माणसाकडे पैसा आला हे सरकारला कळतं ते मुख्यतः प्राप्तिकराच्या खिडकीतून, आणि त्या खिडकीत तुमचा चेहरा कधी दिसलाच नाही. २०२५ मध्ये केंद्राने शिधापत्रिकांच्या याद्या इतर खात्यांच्या याद्यांशी ताडून पाहिल्या, तेव्हा प्राप्तिकर भरणारे, चारचाकीवाले आणि कंपन्यांचे संचालक मिळून एक कोटीवर लोक त्यात निघाले. कंपनीचे संचालक, आणि धान्याच्या रांगेत! तुम्ही त्या यादीत नव्हता. गाडी मेहुण्याच्या नावावर. ठेवी चौघांच्या नावांवर. उरलेला पैसा तालुक्याच्या बायपासला प्लॉटमध्ये, आणि प्लॉट काही महिन्याला पगार देत नाही. सेतू केंद्रातून काढलेला तुमचा उत्पन्नाचा दाखला आजही चाळीस हजारांचाच. वर्षाला कमावता किती, एवढंच तो विचारतो. तुमच्याकडे आहे किती, हे विचारायला त्यात रकानाच नाही.

एकटं वाटून घेऊ नका. तुमचे एक थोरले बंधू अमेरिकेत आहेत, मिशिगन राज्यात. २०१० साली ‘मेक मी रिच’ नावाच्या लॉटरीच्या कार्यक्रमात त्यांना २० लाख डॉलर लागले. त्यानंतरही ते सरकारी अन्नमदतीच्या कार्डावर वाणसामान भरत राहिले. तिथलं खातं मदत देताना उत्पन्न तेवढं बघत होतं. एकरकमी हाती आलेला पैसा मत्तेत जमा, आणि मत्ता कोणी मोजत नव्हतं. अगदी तुमचीच तऱ्हा. मधे फक्त एक समुद्र. फरक पुढे पडला. बातमी फुटली, लोक खवळले, आणि २०१२ मध्ये त्या राज्याने लॉटरी लागलेल्यांची नावं मदत-खात्याला कळवण्याचा कायदा केला. २०१४ मध्ये तर अख्ख्या देशासाठी तरतूद झाली की मोठं बक्षीस लागलं की अन्नमदत बंद. अशा लाजिरवाण्या बातम्यांवरून इतकं घडलं. तुमची बातमी होत नाही, कारण गावातला वार्ताहर तुमचा भाचा आहे.

आणि गावही बोलत नाही. रेशन दुकानावर देखरेख ठेवायला गावपातळीवर दक्षता समिती असते. तुमच्या गावच्या समितीत तुमचेच चुलते आहेत. गणपतीची सगळ्यांत मोठी वर्गणी तुमची. लग्नाला गाडी लागली तर तुमची. रात्री-अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं झालं तरी हाक तुम्हालाच, आणि तुम्ही जाताही, हे मी नाकारत नाही. तुमच्या मोठ्या मनाचे दाखले गावात घरोघर आहेत. एवढ्या भल्या माणसाविरुद्ध तीस किलो धान्यासाठी तहसीलला अर्ज करायचा म्हणजे वाईटपणा घेणं आलं. तो कोण घेणार?

पण गावाच्या गप्प बसण्याचं खरं कारण दुसरंच आहे, आणि ते तुमच्या फार उपयोगी पडतं.

प्राधान्य कुटुंबात बसायला ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४४ हजार रुपये, शहरात ५९ हजार. अन्नसुरक्षा कायदा आला त्या सुमारास ठरलेले हे आकडे. ४४ हजार म्हणजे सबंध घराचे दिवसाला १२० रुपये. आता रोजगार हमीचाच दर धरू, सरकारचाच आकडा आहे: २०२५-२६ साठी महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये. त्या दराने घरातल्या एकाच माणसाला वर्षातले १४२ दिवस काम मिळालं की ते कुटुंब मर्यादेच्या बाहेर. नवराबायको दोघं खुरपणीला, कांदे काढायला, बांधकामावर जात असतील तर दिवाळीच्या आतच ती श्रीमंत झाली म्हणायची. तेव्हा खरं उत्पन्न सांगून गावातलं एकही मजुराचं घर या मर्यादेत बसत नाही. म्हणून कोणीच खरं सांगत नाही. स्वयंघोषणापत्रावर सगळे चाळीस हजार लिहितात, तलाठी चाळीस हजार लिहितो, तहसीलदार चाळीस हजारांवर सही करतो. साऱ्या गावाचं उत्पन्न एकसारखं. अशी समता आणायला रशियाला क्रांती करावी लागली होती!

या एकसारख्या आकड्यांच्या दाटीत तुम्ही उभे आहात, नारायणराव. खुरपणाऱ्या बाईने चाळीस हजार लिहिले ते खरं लिहिलं तर पोरं उपाशी राहतील म्हणून. तुम्ही चाळीस हजार लिहिले ते सगळे लिहितात म्हणून. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर तहसीलदाराच्या बापालाही फरक सांगता येणार नाही. तुमच्याकडे बोट दाखवायचं तर आधी स्वतःचा दाखला झाकावा लागतो, हे गावातल्या प्रत्येकाला पक्कं माहीत आहे. मर्यादा उद्या दीड-दोन लाखांवर नेली तर मजुराला खोटं लिहावं लागणार नाही, आणि मग खोटं लिहिणारे तुम्ही एकटे उरलात की लांबूनही ओळखू याल. ही मर्यादा वाढवावी अशी मागणी करणाऱ्या एकाही मोर्चात तुम्ही दिसत नाही, याचं मला म्हणूनच नवल वाटत नाही.

‘सरकारचं धान्य आहे, तुमच्या बापाचं काय जातं?’ हा तुमचा आवडता सवाल. माझ्या बापाचं काही जात नाही. माझं कार्ड शुभ्र आहे, त्यावर धान्याचा दाणा मिळत नाही आणि मिळावा अशी इच्छाही नाही. पण ज्याचं जातं त्याचा हिशोब साधा आहे. महाराष्ट्रात या कायद्याखाली धान्य मिळू शकतं अशा माणसांची संख्या बांधलेली आहे: सात कोटींच्या किंचित वर. ग्रामीण लोकसंख्येच्या ७६.३२ टक्के, शहरी लोकसंख्येच्या ४५.३४ टक्के, आणि लोकसंख्या कोणती, तर २०११ च्या जनगणनेतली. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे २०११ नंतर जन्मलेली पोरं, वेगळ्या झालेल्या चुली, नांदायला आलेल्या सुना यांनी आहे त्याच आकड्यात मावायचं. जिल्ह्याला कोटा, तालुक्याला कोटा. त्याला पुरवठा शाखेत इष्टांक म्हणतात. नवीन माणूस अर्ज घेऊन गेला की कारकून मान वर न करता सांगतो, ‘इष्टांक शिल्लक नाही. कोणी कमी झालं तर बघू.’ कमी होणं म्हणजे मरणं, लग्न होऊन जाणं किंवा गाव सोडणं. पैसेवाला झाला म्हणून कमी होणं, हा प्रकार कारकुनाच्या ऐकिवात नाही.

तर तुमच्या घरच्या सहा जणांनी सहा जागा अडवल्या आहेत. सरकारच्या कोठारात तुमच्यामुळे खड्डा पडत नाही. तुमच्यामुळे कोणीतरी सहा जण दाराबाहेर उभे आहेत. कोण, तेही सांगतो. तुमच्या त्या गट नंबरात जी बाई सुगीला आणि खुरपणीला यायची, ती. महामार्ग आला तेव्हा सातबाऱ्यावर तुमचं नाव होतं, म्हणून पैसे तुमच्याकडे आले. तिचं नाव कुठेच नव्हतं. रान गेलं त्या दिवशी तिचं काम गेलं आणि त्याचा मोबदला किती, हे विचारायलाही कोणी आलं नाही. एकाच रस्त्याने दोन घरांचं आयुष्य बदललं. ती पोरापासून वेगळी झाली, वेगळ्या कार्डासाठी अर्ज केला, आणि कारकुनाने तिला इष्टांकाचं ऐकवलं.

नवरा गेला म्हणून तिने संजय गांधी निराधार योजनेतही अर्ज टाकलाय. तिथली उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार, म्हणजे दिवसाला ५७ रुपये. एवढ्यात जगून दाखवलं तर महिन्याला दीड हजार. मंजूर झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, की मी अजून जिवंत आहे. उत्पन्नाचाही द्यायचा, की जिवंत असून अजून गरीबच आहे. तुम्हाला पैसा आल्यापासून असा एक तरी कागद कोणी मागितला का? तिच्या बोटांच्या रेषा खुरप्याने झिजल्यात, ई-पॉस यंत्रावर अंगठा उमटत नाही म्हणून पोराच्या कार्डावरच्या धान्यालाही दुकानदार ‘उद्या या’ म्हणायचा. तुमचा अंगठा पहिल्या फटक्यात जुळतो. अलीकडे त्याला कष्ट नाहीत.

सूनबाईंचं थोडक्यात आटपतो, नाहीतर त्या रागावतील. जुलै २०२४ पासून लाडक्या बहिणीचे दीड हजार सुरू झाले. त्यात कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, पण केशरी किंवा पिवळं कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही नको. म्हणजे ती कडा विरलेली पुस्तिका पुन्हा कामाला आली. ट्रॅक्टर सोडून चारचाकी असेल तर लाभ नाही. ती, आधीच सांगितल्याप्रमाणे, मेहुण्याची. त्या योजनेत १४ हजारांवर पुरुष निघाले आणि दोन हजारांवर सरकारी नोकरीतल्या बायका. २६ लाखांवर नावांचा लाभ जून २०२५ पासून पडताळणीसाठी थांबवावा लागला. या गर्दीत सूनबाई अगदीच सात्त्विक दिसतात, हे मान्य. निदान त्या बहीण तरी आहेत. नातवाच्या शाळेचंही ऐकून आहे. शिक्षणहक्काच्या पंचवीस टक्क्यांतून इंग्रजी शाळेत प्रवेश, लाखाच्या आतल्या उत्पन्नाच्या दाखल्यावर. पोराला शाळेत सोडायला फॉर्च्युनर जाते आणि फी सरकार भरतं.

आता तुमची बाजू. ती ऐकल्याशिवाय पत्र संपवलं तर मी पुण्याचा ठरेन.

‘मोठे चोर सोडून आमच्या मागे का लागता?’ हे तुम्ही चावडीवर इतक्या वेळा म्हणाला आहात की पोरांना पाठ झालंय. त्यात तथ्य आहे. बँकांनी दहा वर्षांत सोळा लाख कोटींवर कर्जं निर्लेखित केल्याचं सरकारने संसदेत सांगितलंय. त्यापुढे तुमचा तीस किलो तांदूळ म्हणजे चिमणीचा दाणा. पण एक आहे. त्या कर्जबुडव्यांनी त्या बाईची जागा अडवलेली नाही. इष्टांकाच्या यादीत त्यांची नावं नाहीत, तुमची आहेत. ते उद्या सगळे तुरुंगात गेले तरी तिला गहू मिळणार नाही. तुम्ही उद्या एका अर्जावर सही केली तर मिळेल. मोठ्या चोरांना पकडायचं आंदोलन उभारा, मी सतरंज्या उचलायला येतो. येताना कार्ड जमा करून या.

‘आजारपणाला कार्ड लागतं.’ लागायचं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पूर्वी बहुतेक ठिकाणी पिवळं-केशरी कार्डच बघत. आता ती योजना शुभ्र कार्डवाल्यांनाही खुली आहे, पाच लाखांपर्यंत. तेव्हा ही भीती जुनी झाली. गाडीचं मॉडेल बदललंत, भीतीचंही बदला.

तिसरी गोष्ट तुम्ही चावडीवर बोलत नाही. ती तुमच्या मातोश्री बोलतात. ‘पैसा आज हाय, उद्या नाय. कार्ड येकदा गेलं की परत कोण देतंय?’

इथे मात्र माझी खवचट लेखणी जरा अडते. म्हातारी बरोबर बोलतेय. अशा पैशाचं काय होतं ते आपण दोघांनीही पाहिलंय. मोबदल्यात भावांचे हिस्से पडतात, बहिणींच्या सह्यांसाठी वेगळे द्यावे लागतात, कोर्टात गेलं तर वकील खातो. बंगल्यात एक वाटा, गाडीत दुसरा, पोरीच्या लग्नात तिसरा. कोणीतरी दुप्पट करून देतो म्हणून पाच लाख घेऊन जातो आणि त्याचा मोबाईल बंद लागायला लागतो. गाडीची किंमत शोरूमच्या दारातच उतरायला लागते. रान मात्र गेलं ते गेलंच. त्या जागी डांबर आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना कुंपण आहे, आणि पलीकडच्या उरलेल्या पट्टीत जायलाही लांबून वळसा. काही शहाण्यांनी त्या पैशातून दुसरीकडे जमीन घेतली, विहिरी पाडल्या, गोदामं बांधली. तुम्ही सिंह बांधलेत. दहा वर्षांनी तुमच्या नातवाला खरोखरच रांगेत उभं राहावं लागेल, हे अशक्य नाही. आणि तेव्हा कारकून मान वर न करता त्यालाही इष्टांकाचंच सांगेल. आत येणं इतकं अवघड असल्यावर बाहेर कोण जाईल? सरकारने लिहून द्यावं, की जो आपणहून बाहेर पडेल त्याची परिस्थिती बिघडली तर चौकशी करून त्याला महिन्याभरात परत घेऊ. असं एक ओळीचं आश्वासन असतं तर तुमच्या मातोश्रींनी पुस्तिका देवघरातल्या फळीवरून स्वतः काढून दिली असती, असं मला वाटतं. ते नाही, हा दोष तुमच्या माथी मारायला मी तयार नाही. अधूनमधून निघणाऱ्या ‘अपात्र शिधापत्रिका शोध मोहिमे’त राहत्या जागेचे पुरावे मागतात. त्यात भाड्याच्या खोलीतला मजूर अडकतो आणि स्वतःच्या बंगल्याची घरपट्टी पावती दाखवून तुम्ही सहीसलामत सुटता. बंगला हाच तुमच्या गरिबीचा पुरावा ठरतो, ही किमया करणारं खातं तुमच्याहून मोठं विनोदी आहे.

पण म्हातारीची भीती दहा वर्षांनंतरच्या भुकेची आहे, आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या बाईची भूक या महिन्याची. उद्याच्या भीतीपोटी आजची जागा अडवून ठेवायची, तर निदान ते धान्य घरात शिजवा. त्या कोंबड्यांना कसली भीती आहे?

तर मागणी अशी. सरकारने ‘अनुदानातून बाहेर पडा’ नावाची योजना काढलेली आहे. आपणहून धान्य सोडायचं असेल त्याने अर्ज द्यायचा. चौकशी नाही, वसुलीचा बडगा नाही, तुमच्या अब्रूला धक्का नाही. कार्डही काढून घेत नाहीत, फक्त धान्य थांबतं. म्हणजे पुस्तिका तुमच्या देवघरात राहू शकते, हळदकुंकू वाहायला. सूनबाईंचा लाभ सोडण्याचा अर्जही त्याच दिवशी होईल. तहसील तुमच्या बंगल्यापासून फॉर्च्युनरने वीस मिनिटं. ती बाई एसटीने जाते, अर्धा दिवस मोडतो.

तुम्ही असं नुसतं गुपचूप करणार नाही, हे मी ओळखून आहे. पुढच्या वर्षी ग्रामपंचायतीला उभं राहायचंय ना? मग होऊन जाऊ द्या. ग्रामसभेत सत्कार ठेवू. शाल, श्रीफळ, भाच्याकडून पेपरात दोन कॉलम बातमी. स्टँडसमोर वीस बाय तीसचा फ्लेक्स: वर नेत्यांचे चेहरे, मधे गॉगल लावलेले तुम्ही, खाली ठळक अक्षरांत ‘सहा जणांचं धान्य गरिबांसाठी सोडल्याबद्दल भावी सरपंच नारायणरावांचे हार्दिक अभिनंदन’, आणि कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून समस्त मित्रमंडळासोबत माझंही नाव टाका, मी हरकत घेणार नाही. तुमच्यामागे आणखी चारजण फ्लेक्ससाठी तरी बाहेर पडतील. तालुक्यात इष्टांक शिल्लक पडेल आणि कारकुनाला मान वर करावी लागेल.

फ्लेक्सचा खर्च मात्र मोबदल्यातून करा.

मातोश्रींना साष्टांग नमस्कार, कोंबड्यांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

आपला,
एक शुभ्र कार्डवाला